तुझ्या रिपोर्टमधला तो ११२

अगं, त्या मुलीच्या बुद्धिमत्ता चाचणीचा रिपोर्ट वाचला तुझा. खरं तर काल रात्रीच वाचला, पण लगेच उत्तर लिहिलं असतं तर जरा जास्तच बोलले असते म्हणून थांबले. ऑब्झर्वेशनचा भाग छान जमलाय, मुलगी कुठे अडली, कुठे कंटाळली, ठोकळे लावताना स्वतःशी पुटपुटत होती, हे सगळं टिपलंस ते उत्तम केलंस. पण शेवटच्या पानावरची तीन वाक्यं मी लाल केलीयेत. एक, "तिचा बुद्ध्यांक ११२ आहे". दोन, "म्हणजेच तिला ७९ टक्के मिळाले". आणि तीन, "भावापेक्षा (१०८) तिची बुद्धिमत्ता जास्त आहे". तिन्ही काढायचीत, का ते सांगते.

मधलं आधी घेऊ, ते पटकन संपेल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत गं! ७९ पर्सेंटाइल म्हणजे तिच्या वयाच्या शंभर मुलांची रांग लावली तर साधारण ७९ जणं तिच्या मागे उभी असतील, बस एवढंच. तिने किती प्रश्न बरोबर सोडवले याचा त्यात कुठे पत्ताच नाही. पण पालक ऐकताना टक्केच ऐकतात, जन्मभर मार्कशीट बघितलेली असते ना, त्यामुळे "५० पर्सेंटाइल" म्हटलं की मूल काठावर पास झालं असं समजून तोंड पाडतात, आणि ते मूल बिचारं अगदी बरोबर मधोमध असतं. अजून एक, या रांगेत माणसं सारख्या अंतरावर उभी नसतात. मध्ये नुसती गर्दी. बुद्ध्यांक १०० चा १०४ झाला की पर्सेंटाइल ५० वरून एकदम ६० च्या आसपास जातो, आणि १३० चा १३४ झाला तर ९८ चा जेमतेम ९९. फरक तेच चार गुण. म्हणून पर्सेंटाइलची वजाबाकी, सरासरी असलं काही करत बसू नकोस.

आता "११२ आहे". या "आहे"वरच माझा राग आहे. उंची असते तसा बुद्ध्यांक मुलीच्या अंगात कुठे नसतो. रॉ स्कोअर, म्हणजे चाचणीत मिळालेले नुसते गुण, तर अगदीच मुका, ४१ गुण मिळाले म्हणजे काय, काहीच नाही, बाकीच्यांना किती मिळाले ते कळल्यावर तो बोलायला लागतो. गंमत म्हणजे सुरुवातीला हिशोब वेगळाच होता. बिने आणि सिमोन या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये चाचणी केली ती शाळेत कोणाला जादा मदत लागेल हे शोधायला, पुढे त्यातून मानसिक वयाची कल्पना आली, मग जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न म्हणाले मानसिक वयाला खऱ्या वयाने भागा, अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याला १०० ने गुणलं, आणि दहा वर्षांचं मूल बारा वर्षांच्या मुलाइतकं करत असेल तर बुद्ध्यांक १२०. लहान मुलांपुरतं ठीक चाललं. पण चाळिशीतल्या माणसाचं काय करणार, त्याचं मानसिक वय काही दरवर्षी वाढत नाही, मग वय वाढलं म्हणून बुद्ध्यांक घसरला म्हणायचं का? अमेरिकेतल्याच वेक्सलर यांनी १९३९ मध्ये तो भागाकारच सोडून दिला. आपल्या वयाच्या गटाची सरासरी १०० धरायची, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, १५, आणि तू त्या सरासरीपासून किती लांब आहेस ते बघायचं. म्हणजे आपण अजून इंग्रजीत "कोशंट", म्हणजे भागाकाराचं उत्तर, म्हणतो खरं पण भागाकार कधीच गेलाय, उरलीय ती फक्त गटातली जागा.

मग प्रश्न येतो, कुठला गट? नॉर्म्स म्हणजे तोच गट, ज्यांची चाचणी आधी घेऊन तक्ते बनवलेत ती माणसं. किती होती, कुठल्या वयाची, कुठल्या भाषेची, शहरातली की खेड्यातली, आणि कुठल्या साली. हे साल मी माझ्या चुकीतून शिकले. नवीन होते तेव्हा कपाटात होती ती जुनी आवृत्ती काढली आणि एका मुलाची चाचणी घेतली, नॉर्म्स वीसेक वर्षांपूर्वीचे. स्कोअर आला ७४. मदतीसाठीची रेषा होती ७० ची, त्यामुळे त्याला काही मिळालं नाही, आणि मी पण निवांत. वर्षभराने दुसऱ्या कोणीतरी नव्या आवृत्तीवर तपासलं तेव्हा आला ६७. मूल तेच होतं गं. गेल्या शतकात बऱ्याच देशांत लोकांची कामगिरी दर दहा वर्षांनी साधारण ३ गुणांनी वर सरकत गेली, त्याला फ्लिन इफेक्ट म्हणतात (हल्ली काही देशांत ते थांबलंय, उलटंही फिरलंय), म्हणजे जुन्या नॉर्म्सवर आजचं मूल उगाच वर दिसतं. अख्खा फरक त्यानेच पडला असेल असं नाही, पण त्या मुलाचं एक वर्ष गेलं हे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तू कुठले नॉर्म्स वापरलेस ते रिपोर्टमध्ये कुठेच नाहीये, बघितलंस का?

आता भाऊ-बहीण. समज या चाचणीची रिलायबिलिटी, म्हणजे पुन्हा घेतली तरी आकडा किती सारखा येतो ते (पूर्ण सारखा म्हणजे १), ०.९१ आहे, चांगली म्हणायची. एकातून ०.९१ वजा केले की ०.०९, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १५ म्हणजे ४.५. ही मोजमापातली नेहमीची चूक, चाचणीच्या पोटातच असलेली, तू कितीही नीट घेतलीस तरी राहणारच. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्हीकडे त्याच्या दुप्पट, साधारण ९ गुण सोडायचे, म्हणजे ११२ होतो १०३ ते १२१, आणि भावाचा १०८ होतो ९९ ते ११७. पर्सेंटाइलमध्ये बघशील तर मुलीचा पट्टा ५८ ते ९२! एवढा रुंद. आणि दोन स्कोअर एकमेकांतून वजा केले की दोघांच्या चुका एकत्र येतात, म्हणून इथे निदान १२-१३ गुणांचा फरक असल्याशिवाय "जास्त" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तुझ्याकडे आहेत चार. उद्या पुन्हा चाचणी घेतली तर भाऊ पुढे असेल कदाचित. आणि हे वाक्य घरात वर्षानुवर्षं फिरणार बघ, "ती हुशार, हा जरा कमी", तुझ्या सहीने.

व्हॅलिडिटीबद्दल, म्हणजे चाचणी हवं तेच मोजते का याबद्दल, आत्ता फार लिहीत नाही, एवढंच की चाचणी सारखा तोच आकडा देते म्हणून ती तुला हवं तेच मोजते असं होत नाही, वजनकाटा रोज तेच वजन दाखवेल पण त्यावरून उंची नाही ना सांगता येत. मुलीच्या आईने तुला विचारलंय ते ती गणितात मागे का पडते हे, आणि त्याचं उत्तर ११२ मध्ये नाहीये. ते तुझ्याच दुसऱ्या पानावर आहे, वेळ लावलेल्या भागात ती घाईघाईत चुकत होती आणि वेळ नसलेल्या भागात शांतपणे सोडवत होती असं तूच लिहिलंयस की. ते वर आण.

आणि लाल केलेल्यांच्या जागी असं काहीतरी लिही: "या चाचणीत तिच्या वयोगटाच्या तुलनेत तिची एकूण कामगिरी सरासरी ते सरासरीच्या वर अशी दिसली (११२, पट्टा १०३ ते १२१)". भावाचं नावच नको. फक्त पट्टा लिहिण्याआधी मॅन्युअल उघड, तिच्या वयोगटाची खरी रिलायबिलिटी बघ, मी वर ०.९१ हिशोबापुरती धरलीय. नॉर्म्सच्या पानाचा फोटो मला पाठव, साल दिसेल असा काढ.