डेकला पीयू की तेल? ठेव मोडण्याआधी थोडा हिशेब

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. जांबोटीच्या अलीकडे तुमचं घर, मागच्या बाजूला मत्तीच्या (ऐनाच्या) फळ्यांचा उघडा डेक, कठड्यासकट मोजला तर ५०० चौरस फूट. चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करणाऱ्यांना दोन खोल्या देता. वर्षाला साधारण ७० वेळा खोली जाते, दर १,८०० रुपये. चार पावसाळ्यांत डेक काळा पडला आणि सहा फळ्या कुजल्या. बेळगावच्या कंत्राटदारानं पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचा दर दिलाय १८० रुपये चौरस फूट. म्हणजे ९०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, मिळून १,०६,२००. पाच वर्षांची गॅरंटी, तीही तोंडी. दसऱ्याआधी निम्मे पैसे दिले तर दिवाळीपर्यंत काम. गावातले दोन रंगारी हजेरीवर यायला तयार आहेत, पण त्यांनी आजवर भिंतीच रंगवल्यात. पैसे काढणार सोसायटीतल्या, म्हणजे पतसंस्थेतल्या, दीड लाखाच्या ठेवीतून. ती जानेवारीत पिकते, आणि ठेवली होती काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी.

ठेव मोडू नका, आणि कामही दिवाळीआधी काढू नका. आता कारणं सांगतो.

ठेव मोडल्याचा दंड फार नसतो. बहुतेक ठिकाणी व्याजात एखादा टक्का कापतात, म्हणजे दीड लाखावर वर्षाला दीड हजार. नुसता तेवढाच प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, मोडा. पण १,०६,२०० गेले की काकूंच्या गुडघ्यासाठी ४३,८०० उरतात, आणि गुडघा काही डेकसारखा पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. पर्यटकांच्या पायाखालची फळी आणि घरच्या माणसाचा पाय एकाच पैशातून सांभाळायला गेलं की आधी फळी होते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. कारण फळीवाला फोन करतो, गुडघा करत नाही.

आता लाकडाकडे येऊ, कारण पैशाचं उत्तर तिथंच आहे. पीयू किंवा व्हार्निश लाकडावर पापुद्रा धरतं. छपराखालच्या झोपाळ्याला, आतल्या दाराला ते उत्तम. उघड्यावर मात्र ऊन पारदर्शक थरातून आरपार जातं आणि खालच्या लाकडाचा पृष्ठभाग सुटा करतं. त्यात लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पापुद्र्याला ही ओढाताण सोसत नाही. एके ठिकाणी केसाएवढी चीर पडली की पाणी आत शिरतं आणि पापुद्रा असल्यामुळे बाहेर पडत नाही. बेळगावच्या शहापुरात माझ्या घराच्या पुढच्या कट्ट्यावरचं सागवानी बाकडं मी असंच चकचकीत करून घेतलं होतं. दुसऱ्या वैशाखात हात फिरवला तर उन्हानं पोळलेल्या पाठीची साल निघावी तशी साल नखात आली. ती पूर्ण काढल्याशिवाय नवा हात देता येत नाही, आणि काढायची मजुरी रंगापेक्षा भारी पडली. आणि शहापूरचा पाऊस तो काय? तुमच्याकडे कणकुंबीच्या बाजूनं येणारा पाऊस जून ते सप्टेंबर फळीला वाळूच देत नाही.

उघड्या डेकला आत मुरणारं, रंगद्रव्य असलेलं तेलकट स्टेन बरं. रंगद्रव्य ऊन अडवतं, तेल पाणी अडवतं. ते सोलून येत नाही, फिकं पडत जातं. फिकं पडलं की धुऊन, वाळवून वरून एक हात द्यायचा, बस्स. आपल्याकडे पावसाआधी कौलं चाळतो ना, तसलंच हे काम. कौलांना पाच वर्षांची गॅरंटी कुणी मागतं का? दर साली माणूस वर चढवतो, फुटकी बदलतो, आणि तो खर्च घरखर्चात धरलेला असतो. डेकचा खर्चही तसाच धरा.

तुम्ही कळवलेल्या दरांवरून मांडलेला हिशेब असा. दोन रंगारी ९०० प्रमाणे आणि एक हाताखालचा ६०० ला, दिवसाचे २,४००. घासणं, धुणं, फळ्या बदलणं, दोन हात देणं, असे आठ दिवस धरा, १९,२०० झाले. एक लिटर एका हाताला ८०-१०० चौरस फूट जातं, म्हणून दोन हातांना १२ लिटर. ८५० च्या भावानं १०,२००. पॉलिश पेपर, ब्रश, धुण्याचं सामान ३,०००. सहा फळ्या आणि स्टीलचे स्क्रू ६,०००. एकूण ३८,४००. पुढे दर वर्षी एक हात: ६ लिटर आणि तीन दिवस, मिळून १२,३००.

आता मी तुमच्याशी प्रामाणिक राहतो. पाच वर्षांत चार वेळा हा हात दिलात तर गावच्या रंगाऱ्यांचा रस्ताही ८७,६०० पर्यंत जातो. कंत्राटदारापेक्षा १८,६०० नं कमी, म्हणजे वर्षाला पावणेचार हजार. एवढ्यासाठी मी कुणाला कंत्राटदार सोडायला सांगणार नाही. फरक आहे तो पैसे कधी जातात यात. पहिल्या वर्षी ३८,४०० गेले तर ठेवीतले १,११,६०० शाबूत राहतात. पुढचे १२,३०० खोल्यांच्या कमाईतून निघतात. ७० वेळा १,८०० म्हणजे १,२६,०००, त्यातला दहातला एक रुपया डेकला. खोलीचा दर १७५ नं वाढवलात तर तोही जवळपास वसूल होतो. उलट पीयू तिसऱ्या वर्षी सोललं तर घासून काढायलाच वीस हजारांच्या घरात खर्च येईल असा माझा अंदाज, आणि त्या वेळी गॅरंटीचा कागदही हातात नसेल. तो कागद मागून बघा. लेखी देताना 'ऊन-पावसाने झालेले नुकसान वगळून' अशी ओळ आली तर उरलं काय ते तुम्हीच ठरवा.

तुमचा मुलगा म्हणतो डेक उखडून फरशी घाला. मत्ती चार पावसाळ्यांत सहाच फळ्यांवर निभावली आहे. अजून उखडायची वेळ आलेली नाही.

कामाची वेळ: संक्रांतीनंतर. दिवाळीआधी रंगाऱ्यांचे भाव चढे असतात. मुख्य म्हणजे फळ्या तेव्हा ओल्या असतात, आणि ओल्या लाकडावर दिलेलं तेल आत जात नाही, वर चिकट राहतं. जानेवारीत फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. मिनिटा-दोन मिनिटांत मुरले तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. तोवर ठेवही पिकते. नाताळचे पाहुणे गेलेले असतात, सोमवार ते शुक्रवार काम केलं तर एकही बुकिंग बुडत नाही.

रंगारी लाकडाचे नाहीत ही तुमची भीती रास्त आहे. भिंतीचा हात सढळ असतो. डेकला पातळ हात द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेलं तेल फडक्यानं पुसून घ्यायचं. हे पुसणं त्यांना फुकटचं काम वाटेल, पण ते करवून घ्याच. म्हणून काम उक्तं देऊ नका, हजेरीवरच ठेवा. उक्त्यात पुसणं पहिलं गळतं. सामान स्वतः आणा, सीलबंद डबा, पक्कं बिल. आधी कोपऱ्यातल्या दोन फळ्या करून बघा. फळ्यांची कापलेली टोकं दोनदा भिजवून घ्या, कुजणं तिथूनच सुरू होतं. तेलात जवसाचं तेल असेल तर माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा पसरून वाळवा.

खालच्या बाजूच्या तुळयांना काजूच्या टरफलाचं तेल चालेल. आपल्या खानापूर-चंदगड पट्ट्यात काजूचे कारखाने आहेत, चौकशी केलीत तर मिळेल. वाळवीला चांगलं, पण काळं असतं आणि कच्चं तेल कातडीला लागलं तर फोड येतात. हातमोजे घालायला सांगा, आणि वरच्या फळ्यांना लावू नका.

वर्षाच्या १२,३०० साठी पिग्मीवाल्याला, म्हणजे रोजची छोटी ठेव गोळा करणाऱ्याला, रोज ३५ रुपये द्या. वर्षाचे १२,७७५ होतात. पिग्मी आपल्याकडे अंगवळणी पडलेली आहे, १९२८ साली उडुपीकडे सिंडिकेट बँकेनं ती सुरू केली. व्याज बेताचंच, पण पैसे आपोआप बाजूला पडतात. एवढी रक्कम सोसायटीत असली तरी चालेल. दीड लाखाचं मात्र तसं नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. जानेवारीत पिकली की डेकचे पैसे बाजूला काढून उरलेली ठेव काकूंच्या नावानं बँकेत हलवा.

खोल्यांचं उत्पन्न रिटर्नमध्ये व्यवसाय म्हणून दाखवत असाल तर डेकची दुरुस्ती खर्चात धरता येते. अंदाजे नफ्याची पद्धत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरायची) घेतली असेल तर वेगळी धरता येत नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, तो खर्च मान्य होत नाही.

ॲडव्हान्स अजून दिलेला नसेल असं धरून हे लिहिलंय. दिला असेल तर आजच पावती मागा, त्यावर कामाची तारीख आणि कोटिंगचं नाव लिहून घ्या, आणि मला त्या कागदाचा फोटो पाठवा. मग छपराखालचा भाग आणि झोपाळा तेवढ्या पैशात त्याच्याकडून करून घेता येईल का ते बघू.