भंगुर, ठिसूळ की नाजूक?

कोथरूडच्या एक वाचक ताई कर्करोगावरच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद तपासतायत. गुणसूत्रांवरच्या सहज तुटू शकणाऱ्या जागेला, म्हणजे 'फ्रॅजाइल साइट'ला, त्यात कुठे 'नाजूक जागा' म्हटलंय, कुठे 'ठिसूळ जागा'. कुठला शब्द ठेवावा, असं त्या विचारतात.

माझं मत 'भंगुर स्थान'ला. नाजूक तर तब्येतही असते आणि नातंही. त्यात तुटणं येतंच असं नाही. ठिसूळ म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात, पेशंट कॅल्शियमच्या गोळ्या विचारू लागेल. शिवाय ठिसूळपणा अख्ख्या वस्तूचा असतो, इथे बाकीचं गुणसूत्र धड असतं. 'तुटकी' नकोच, ती आधीच तुटलेली.

'भंगुर' हा भञ्ज् धातूपासूनचा. पाणिनीने भंगुर, भासुर, मेदुर हे तिन्ही एकाच सूत्रात (३.२.१६१) साधले आहेत, प्रत्ययाचा अर्थ 'तसा स्वभाव असलेला'. मराठीत लाजरा, हसरा यांतला 'रा' तेच काम करतो. 'तुटरी जागा' रूढ असती तर मी तीच सुचवली असती!

स्वभाव म्हणणंच इथे नेमकं आहे. सर्वसामान्य भंगुर स्थानं निरोगी माणसातही असतात, एरवी ती शाबूत दिसतात. प्रयोगशाळेत पेशींना थोडं ॲफिडिकोलिन हे रसायन दिलं की डीएनएची प्रत काढण्याचं काम रखडतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर फट दिसते. हे एफआरए-३-बी नावाचं भंगुर स्थान, सगळ्यांत जास्त तुटणाऱ्यांपैकी एक. एफएचआयटी नावाचं लांबलचक जनुक याच पट्ट्यात येतं. फुप्फुसाच्या आणि इतर बऱ्याच कर्करोगांत त्याचा तुकडा गळालेला आढळतो.

'भंगुर एक्स'ची, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या 'फ्रॅजाइल एक्स' स्थानाची, गोष्ट निराळी. ते दुर्मिळ स्थान, आनुवंशिक; त्याचा संबंध बौद्धिक अक्षमतेशी. पुस्तिकेत दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

खरं तर ताईंनी पाठवलेल्या उताऱ्यात मला 'नाजूक'पेक्षा 'मुळे' जास्त खटकला: 'नाजूक जागांमुळे कर्करोग होतो.' 'मुळे' आला की कारण पक्कं झालं. इथे ते तसं नाही. काही ठिकाणची तूट कर्करोगाला हातभार लावते, काही ठिकाणी ती बिघडलेल्या पेशीची नुसती खूण असते, आणि एफएचआयटीबाबतही हा वाद झालेला आहे. म्हणून 'कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रं बऱ्याचदा भंगुर स्थानी तुटलेली आढळतात' असं लिहावं. पहिल्या उल्लेखापाशी 'म्हणजे ताण आल्यास सहज तुटणारी जागा' एवढं जोडलं की पुरे.