शंभर ट्रिलियनला मराठीत काय म्हणायचं? जलधी की कोटी कोटी?

प्रश्न असा आलाय की झिम्बाब्वेची ती फेमस 'वन हंड्रेड ट्रिलियन डॉलर्स'ची नोट मराठीत लिहायची तर काय लिहायचं, खर्व, निखर्व, परार्ध असे भारदस्त शब्द आपल्याकडे नुसते पडून आहेत ते का वापरू नयेत, आणि जाता जाता हायपरइन्फ्लेशनला 'अतिमहागाई' चालेल का.

आधी हिशेब करून टाकू. ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं, म्हणजे बरोब्बर एक लाख कोटी. शंभर ट्रिलियन म्हणजे शंभर लाख कोटी, आणि शंभर लाख म्हणजेच एक कोटी, त्यामुळे ही नोट झाली एक कोटी कोटी डॉलरची. मी तरी लेखात 'शंभर लाख कोटी' लिहीन, पेपरवाले पण ट्रिलियन डॉलर इकॉनॉमीला 'लाख कोटी डॉलर' लिहितातच, वाचणाऱ्याला बजेटच्या बातम्यांमुळे ते सवयीचं आहे.

आता खर्व-निखर्व. लीलावतीत भास्कराचार्यांनी (हो तेच, चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते) जी यादी दिलीय ती कोटीच्या पुढे अशी जाते: अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. या हिशेबाने ट्रिलियन म्हणजे महापद्म आणि आपली नोट येते थेट 'जलधी'वर, एक जलधी डॉलर फक्त! ऐकायला झकास आहे पण गोची अशी की शाळेत बऱ्याच जणांनी अब्ज, दशअब्ज आणि मग खर्व असं पाठ केलेलं असतं, त्यात खर्व एक शून्य पुढे सरकतो, हिंदीतला खरबसुद्धा एकावर अकरा शून्यं, आणि लीलावतीत मात्र दहाच. म्हणजे तुम्ही 'पाच खर्व' लिहिलं की वाचणारा नक्की किती समजेल याची गॅरंटी नाही, आणि पैशाच्या बाबतीत दहापटीचा घोळ परवडत नाही.

असा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. जर्मनमध्ये 'मिलियार्डं' म्हणजे आपला अब्ज आणि 'बिलियॉन' म्हणजे लाख कोटी, म्हणजे इंग्रजीतला ट्रिलियन. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 बिलियॉन मार्क पडत होते असं जर्मन पुस्तकात लिहिलेलं असतं, ते कुणी घाईघाईत '4.2 अब्ज' करून टाकलं की हजारपटीची चूक, खरा आकडा 4 लाख 20 हजार कोटी मार्क. पहिल्या महायुद्धाच्या आधी हाच रेट 4.2 मार्क होता, म्हणजे बारा शून्यं मधल्या नऊ-दहा वर्षांत चिकटली. जर्मनीची सगळ्यात मोठी नोट 100 बिलियॉन मार्कांची, म्हणजे झिम्बाब्वेवाल्या नोटेएवढाच आकडा, नाव तेवढं वेगळं. आणि गंमत म्हणजे किंमतही आसपासच, त्या जर्मन नोटेचे होतात 24 डॉलरच्या आत-बाहेर आणि झिम्बाब्वेची नोट जानेवारी 2009 मध्ये निघाली तेव्हा काळ्या बाजारात तिला तीसेक अमेरिकन डॉलर येत होते.

माझं म्हणणं असं आहे की ज्यांना खरोखर असल्या आकड्यांत भाजी आणायला लागते ते लोक नवीन संख्यानामं शिकत बसत नाहीत, ते मोठ्या रकमेचंच एक युनिट करतात आणि परत नेहमीच्या आकड्यांत मोजायला लागतात. हंगेरीत 1946 ला हेच झालं. त्यांचा पेंगो इतका घसरला की आधी दहा लाख पेंगोचा एक 'मिलपेंगो' केला, मग तोही पुरेना म्हणून लाख कोटी पेंगोचा एक 'बिलपेंगो', आणि बाजारात आलेली सगळ्यात मोठी नोट होती दहा कोटी बिलपेंगोची. म्हणजे एकावर वीस शून्यं, पण नोटेवर ती वीस शून्यं छापलेली नाहीत, युनिटच्या नावात लपवलीत. त्या जुलैत भाव साधारण 15 तासांत दुप्पट होत होते. ऑगस्टमध्ये फोरिंट हे नवं चलन आलं तेव्हा एका फोरिंटला चारावर 29 शून्यं इतके पेंगो. आपला 'लाख कोटी' पण त्याच जातीचा आहे, त्यात कोटी हेच युनिट, म्हणूनच तो टिकला आणि निखर्व-महापद्म पाठांतरात राहिले.

नोटेवरची शून्यं मोजून फसू नका हे पण सांगतो. झिम्बाब्वेने 2006 मध्ये तीन शून्यं छाटली, 2008 मध्ये दहा, आणि फेब्रुवारी 2009 मध्ये अजून बारा. ती शंभर ट्रिलियनची नोट मधल्या टप्प्यातली, म्हणजे तिच्यावर दिसतात चौदा शून्यं पण 1980 च्या मूळ डॉलरमध्ये मोजायचं तर मागे आणखी तेरा लावा. सरकारी महागाई दराचा शेवटचा जाहीर आकडा जुलै 2008 चा, 23 कोटी 10 लाख टक्के, त्यानंतर त्यांनी आकडे देणंच बंद केलं.

तरी परार्धाची हौस असेल तर एक जागा आहे जिथे तो शब्द अगदी फिट्ट बसतो. 2015 मध्ये झिम्बाब्वेने जुनं चलन कायमचं मोडीत काढलं तेव्हा बँक खात्यात 175 क्वाड्रिलियनपर्यंत (क्वाड्रिलियन म्हणजे एकावर पंधरा शून्यं) कितीही असले तरी सरसकट 5 अमेरिकन डॉलर मिळणार होते. एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध, लीलावतीच्या यादीतलं शेवटचं नाव. म्हणजे खात्यात पावणेदोन परार्ध, हातात पाच डॉलर. इथे 'एक लाख पंचाहत्तर हजार लाख कोटी' लिहिण्यात काही मजा नाही, पावणेदोन परार्धच लिहा, फक्त कंसात शून्यं किती ते द्या.

राहिला हायपरइन्फ्लेशन. 'अतिमहागाई' समजतं सगळ्यांना पण टोमॅटो शंभरी पार गेला तरी आपण तेच म्हणतो. अर्थशास्त्रात फिलिप कॅगनने 1956 मध्ये घातलेली मर्यादा आहे महिन्याला 50 टक्क्यांच्या वर भाववाढ, त्या वेगाने वर्षात भाव जवळजवळ 130 पट होतात. क्रमिक पुस्तकात 'अतिचलनवाढ' वगैरे मिळेल, मला 'चलनफुगवटा' जास्त आवडतो कारण त्यात कागद फुगलाय हे दिसतं, पण तो साध्या इन्फ्लेशनलाही वापरतात. त्यामुळे सरळ देवनागरीत हायपरइन्फ्लेशन लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ती 50 टक्क्यांची अट सांगून टाका.