सांगितलं तर ती दुरावेल का?

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांतून जे दत्तक पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांची खरी काळजी एकच असते. अभ्यास, हट्ट, मोबाइल हे विषय आधी निघतात. मग आवाज खाली येतो. "मॅडम, तिला सांगायलाच हवं का? सांगितलं आणि ती दुरावली तर?" हे इतक्यांदा ऐकलं आहे की एका जोडप्याची गोष्ट इथे सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं घर. केळी आणि फुलांची वाडी, मागे बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, घरात सासूबाई, शेजारी दीर-जावा. मुलगी नऊ वर्षांची, पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीची, तयारी चाललेली. सात महिन्यांची असताना ती या घरात आली, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला.

शाळेत 'माझे कुटुंब' हा प्रकल्प आला. चुलतबहिणीच्या अल्बममध्ये काकूचा पोट दिसणारा फोटो होता. ही अल्बम घेऊन आईपुढे उभी राहिली. "आई, मी तुझ्या पोटात असतानाचा फोटो कुठंय?" आईने सांगितलं, पावसात भिजून खराब झाला. त्या रात्री आईला झोप आली नाही, आणि दोन दिवसांनी दोघं नवराबायको माझ्याकडे आली.

मी ताईंना विचारलं, "ती फोटो मागत होती, तेव्हा तुमच्या मनात कोणाचा विचार आला?"

"तिचाच," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "नाही. त्या दोघांचा."

मुलीच्या आधी त्यांची दोन बाळं पोटातच गेली होती. नाव नाही, बाप्तिस्मा नाही, मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थनाही नाही. घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. मुलगी आली तेव्हा सगळे म्हणाले, चला, आता ते विसर. मुलीला तिच्या जन्माची गोष्ट सांगायची, तर सुरुवात तिथून करावी लागणार होती.

हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि माझ्या कामातलं हे मला सापडलेलं सर्वांत मोलाचं निरीक्षण वाटतं. पालक म्हणतात आम्ही मुलाला दुःखापासून जपतोय. जपलेलं असतं ते स्वतःचं, न रडलेलं दुःख. त्यामुळे 'मुलाला कसं सांगू' याचं उत्तर मी आधी देत नाही. आधी आईवडिलांना रडू देते. त्या ताईंच्या बाबतीत यातच बऱ्याच भेटी गेल्या. शेवटी पतीपत्नींनी त्या दोन बाळांना नावं दिली आणि फादरना सांगून त्यांच्यासाठी मिस्सा ठेवली.

मुलीच्या वडिलांची, भाऊंची, भीती वेगळी होती. ते फार बोलत नसत. एकदा एवढंच म्हणाले, "तिने खऱ्या बापाचं नाव विचारलं, तर मी कोण?"

मी त्यांना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचायला सांगितला. बारा वर्षांचा येशू जेरुसलेममध्ये मागे राहतो, त्याची आई मरिया आणि त्याला वाढवणारा योसेफ तीन दिवस शोधतात. मंदिरात सापडल्यावर मरिया म्हणते, तुझे वडील आणि मी किती कासावीस झालो. येशू उत्तर देतो की मला माझ्या पित्याच्या, म्हणजे देवाच्या, घरी असायला हवं. हे योसेफासमोर, तोंडावर. दत्तक मुलाच्या बापाला जे ऐकायची धास्ती असते, नेमकं तेच.

भाऊ म्हणाले, "मग योसेफ काय बोलला?"

"काहीच नाही. शुभवर्तमानात त्याचं एकही वाक्य नाही. पुढे वाचा."

त्यांनी वाचली. येशू त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. भाऊंनी ती ओळ पुन्हा वाचली. पुस्तक मिटलं नाही, बोट तिथेच ठेवून म्हणाले, "गेला ना घरी. त्यांच्याचबरोबर."

समुपदेशनात मी सहसा बायबलची वचनं सांगत नाही. दुखऱ्या माणसाला वचन लवकर सांगितलं की ते तोंड बंद करायला वापरल्यासारखं होतं. पण या घराचा श्रद्धेवर पाया होता, आणि वेळ झाली होती. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय पहिल्याच अध्यायात योसेफ जन्मदाता नाही हे उघड सांगतो, आणि तरी बाळाचं नाव त्यानेच ठेवलं हेही सांगतो. त्या पवित्र कुटुंबात काही लपवलेलं नाही.

सासूबाईंचा विरोध कागदावरून होता, की ख्रिस्ती घरात दत्तक मूल कायद्याने आपलं होतच नाही. त्यांच्या आठवणीतलं खोटं नव्हतं. ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वी १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झालं की तेही संपे. २०००च्या बाल न्याय कायद्याने सर्वधर्मीयांना वाट मोकळी केली. २०१५च्या कायद्यानुसार दत्तक आदेशापासून मूल वारसाहक्कासह सर्व अर्थांनी त्या आईवडिलांचंच. चर्चच्या कायद्यातलं ११०वं कलमही हेच सांगतं. हे ऐकून त्यांचा सूर बदलला.

मुलीला सांगितलं ते एका साध्या शनिवारी दुपारी, ओटीवर. सण नाही, भांडण नाही. आधी त्या दोन बाळांबद्दल, मग एका आईबद्दल, जिने तिला जन्म दिला पण सांभाळू शकत नव्हती. मुलगी ऐकत राहिली आणि विचारलं, "मग माझा वाढदिवस तरी खरा आहे ना?" खरा आहे म्हटल्यावर ती खेळायला पळाली. ताई घाबरून मला फोन करत होत्या, की तिला काही वाटलंच नाही का. वाटलं होतं. आठवडाभराने रात्री दिवा मालवल्यावर एकेक प्रश्न सुरू झाले.

म्हणून सांगणं ही एकदाची घटना समजू नका. लवकर सुरुवात करा, शब्द कळायच्या आधीपासून. तेव्हा चुकायलाही जागा असते. जन्मदातीबद्दल 'टाकून दिलं' हे घरात कोणीही म्हणू नये, आज्जीनेसुद्धा. 'आम्ही आणलं नसतं तर' हे वाक्य रागात तोंडी आलं तर त्याच दिवशी माफी मागा, कारण उपकाराखाली वाढलेलं मूल प्रेम करत नाही, परतफेड करतं. तिच्या जन्माचे खाजगी तपशील शेजाऱ्यांना सांगू नका. ते तिचे आहेत.

अठराव्या वर्षानंतर मुलांना स्वतःची मुळं शोधायला अर्ज करता येतो, त्याआधी आईवडिलांबरोबर. जन्मदातीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते मिळत नाही. हे मुलांना आधीच सांगा, खोटी आशा नको. भाऊंनी मुलीला सांगून टाकलं आहे की अर्ज करायचा झाला तर ते सोबत येतील.

आणि मूल पंधरा-सोळाचं झालं असेल, अजून सांगितलं नसेल, तर परीक्षा संपू द्या, पण लग्न जमेपर्यंत थांबू नका. आधी तुम्ही दोघं कोणा समुपदेशकाकडे जाऊन बोला, मग त्याला सांगा. तो चिडेल. इतकी वर्षं का लपवलं, हे विचारेल. तेव्हा समर्थन देऊ नका, आम्ही घाबरलो होतो एवढं म्हणा आणि त्याचं ऐका.