चुनखडीतलं पाणी, भांड्यातला पांढरा थर आणि मुतखडा

बोअर चुनखडीच्या खडकात आहे, पाणी उकळलं की भांड्यात पांढरा थर बसतो; त्याने मुतखडा होईल का आणि आरओ बसवावा का, असं तुम्ही विचारलंय.

तो थर म्हणजे बहुतांशी कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, खडकात होता तोच. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि कॅल्साइट विरघळवत खाली उतरतं. पाणी उकळलं की तो वायू उडून जातो आणि कॅल्साइट पुन्हा तळाशी बसतो. खात्री करायची तर थरावर थोडं व्हिनेगर ओता. फसफसून बुडबुडे आले आणि थर सुटत गेला, तर तो कॅल्साइटच.

पण भांड्यात बसतो तसा तो मूत्रपिंडात बसत नाही. मुतखडे बहुतेक करून कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट हा पालकासारख्या अन्नातून येणारा पदार्थ, आणि अन्नपाण्यातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं. म्हणून घाबरून कॅल्शियम तोडणं उलट अंगाशी येऊ शकतं. खडे होण्याचं एक मोठं कारण म्हणजे पाणी कमी पिणं. चव आवडत नाही म्हणून घरात कोणी कमी पीत असेल, तर मला काळजी त्याची वाटेल. आकड्यात सांगायचं तर लिटरला ४०० मिलिग्रॅम कठीणपणा (विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) म्हणजे साधारण १६० मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज १००० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेनेही कठीणपणावर आरोग्याच्या कारणासाठी मर्यादा घातलेली नाही. ज्यांना आधीच खडे झालेत, त्यांनी मात्र पाण्याचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.

आता चुनखडीतली खरी धास्ती. कॅल्साइट विरघळून खडकातल्या भेगा रुंद होतात, पुढे त्यांचे बोगदे होतात. वाळूच्या थरातून पाणी हळूहळू गाळून येतं. चुनखडीत मात्र वरची घाण काही तासांत किंवा दिवसांत विहिरीत पोचू शकते, तीही दिसायला नितळ पाण्यातून. कॅनडातल्या वॉकरटनमध्ये मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर शेणखतातले ई-कोलाय जिवाणू भेगाळलेल्या खडकातल्या उथळ विहिरीत उतरले. क्लोरिनही पुरेसं नव्हतं. ७ माणसं गेली, २००० हून जास्त आजारी पडली. आपण थराकडे बघत बसतो आणि जिवाणूंची तपासणी राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

आरओची घाई नको. गीझर-पाइपसाठी सॉफ्टनर (कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम देणारं यंत्र) उपयोगी, पण तो दर १०० मिलिग्रॅम कठीणपणामागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात सोडतो. रक्तदाब असलेल्यांनी पिण्याचा नळ त्यातून वगळावा. जुने शिशाचे पाइप असतील तर सॉफ्टनर लावण्याआधी तेही बघा, कारण आतला थर शिसं पाण्यात उतरू देत नाही, आणि मऊ पाण्याने तो थर सुटू शकतो.

जिवाणूंची तपासणी एरवी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच एकदा करा. तोवर पाणी खळखळून उकळून, निवल्यावर वरचं ओतून प्या. कठीणपणा, सोडियम, नायट्रेट आणि कोलिफॉर्मचे (घाण मिसळल्याची खूण देणाऱ्या जिवाणूंचे) आकडे आले की इथे टाका, मग आरओचं बोलू.