रूममेट म्हणतो व्हेपमध्ये (ई-सिगारेटमध्ये) नुसती पाण्याची वाफ असते. खरं आहे का?

नाही. नाटकात रंगमंचावर जे धुकं सोडतात ना, त्याचं हे जवळचं भावंड.

इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला असताना मीही व्हेप ओढायचो. एकदा संपलेला व्हेप फोडून पाहिला (तुम्ही फोडू नका, बॅटरी पेट घेते). आत लिथियमची बॅटरी, झुरका ओळखणारा सेन्सर, तारेचं बारीक वेटोळं आणि रसात भिजलेला कापूस. झुरका ओढला की तार तापते, रस उडतो आणि निवून त्याचे बारीक थेंब होतात. तोच तो 'धूर'. रस म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन.

तिथल्या कायद्याने एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटीन चालतं. माझ्या व्हेपमध्ये २ मिलिलिटर, म्हणजे ४० मिलिग्रॅम. सिगारेट विझली की निदान थोटूक तरी हातात उरतं. इथे थांबायचं कुठे तेच कळत नाही. मी तर अंथरुणातही ओढायचो.

काही जळत नाही म्हणून डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. त्यामुळे सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर आलेल्याचं नुकसान कमी होतं, हे खरं. दोन्ही ओढणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही आणि कधीच न ओढलेल्याला तर तोटाच. कापूस कोरडा पडून करपला की फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन तयार होतं. शिवाय खायला चालणारा स्वाद फुफ्फुसाला चालेलच असं नाही.

२०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारे ६८ जण फुफ्फुसं निकामी होऊन गेले, त्याचा मुख्य संशयित होता व्हिटॅमिन ई ॲसिटेट, तोही बहुतेक गांजाच्या अर्काच्या चोरट्या मालातला. साध्या व्हेपवर ते खापर फोडणं चूक आहे. पण भारतात २०१९ पासून विक्रीवर बंदी आहे, म्हणजे इथे मिळणारा सगळा मालच चोरटा. आत काय भरलंय हे तपासणारं कुणी नाही.

रूममेटला सिगारेट सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. मी शेवटी निकोटीनच्या गमवर व्हेप सोडला. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नसतं: थोडं चावायचं, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर ऑफिसात नुसत्या उचक्या देत होतो.