युगांडाला सेवेसाठी निघण्याआधी: वाचकांची प्रश्नोत्तरे

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की ख्रिस्ती मंडळीतर्फे (चर्चतर्फे) दोन-तीन आठवड्यांच्या सेवेसाठी पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या कुटुंबांची पत्रं येऊ लागतात. यंदा बहुतेकजण युगांडाला निघालेत. प्रश्न तेच आणि ऐकीव माहितीही तीच, म्हणून उत्तरं एकत्र देते आहे.

प्रश्न: एजंट म्हणतो, यलो फीव्हरची (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची) लस टोचायची गरज नाही, कार्ड तो करून देईल. घ्यावं का?

नाही. ते बनावट कागदपत्र आहे आणि डासाला कार्ड दाखवता येत नाही. युगांडात शिरताना एक वर्षावरील प्रत्येकाला हे प्रमाणपत्र लागतं. भारतात परतताना ते नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होतं. मुंबई-पुण्याच्या केंद्रांत आधी नंबर लावावा लागतो. तिकीट काढलं त्याच आठवड्यात चौकशी करा. पूर्वी कधी घेतली असेल तर पुन्हा नको. २०१६ पासून एकच डोस आयुष्यभर ग्राह्य धरतात.

प्रश्न: बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. त्यालाही नेणार आहोत. लस कधी द्यावी?

९ महिन्यांच्या आत ही लस सहसा देत नाहीत. इतक्या लहान बाळाला पाजणाऱ्या आईलाही ती विचारपूर्वकच देतात. वर भारतात परतताना विलगीकरणातून सूट आहे ती फक्त ६ महिन्यांपर्यंतच्या बाळांना. माझं मत विचाराल तर आई आणि बाळ यंदा घरीच राहावेत. तरीही जायचंच असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न: तिथे नळाचं पाणी चालेल का?

नाही. उकळलेलं किंवा सीलबंद पाणी प्या, बर्फ टाळा.

प्रश्न: मलेरिया आम्हाला इथेही होऊन गेलाय, शरीराला सवय असते म्हणतात. प्रार्थनागटातल्या एका बहिणीने होमिओपॅथीचे प्रतिबंधक थेंब सुचवलेत. काहीजण तर म्हणतात, सेवेला निघालेल्याने गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी. मुलं ११ आणि ६ वर्षांची आहेत.

माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मुंबई-ठाण्याकडे आढळणारा मलेरिया बहुतांशी व्हायवॅक्स प्रकारचा असतो. युगांडात मलेरिया जवळजवळ सगळीकडे, बाराही महिने आणि मुख्यतः फाल्सिपेरम या घातक प्रकारचा असतो. हा प्रकार मेंदूपर्यंत पोचतो, मूत्रपिंडं बंद पाडतो. इथे कधीतरी येऊन गेलेल्या तापाने त्याच्यापासून संरक्षण मिळत नाही. थेंबांनीही मिळत नाही. प्रवासी कंपन्या ‘आफ्रिका हेल्थ किट’ म्हणून जे विकतात, त्यात क्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध निघालं तर किट परत करा; तिथल्या फाल्सिपेरमवर त्याचा भरवसा नाही.

आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात: निघण्याच्या दोन दिवस आधीपासून रोज आणि परतल्यावर चार आठवडे. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत. म्हणजे तुमच्या धाकट्यासाठी वेगळं औषध लागेल. मेफ्लोक्विन हे दुसरं औषध ठरलं तर ते दोन आठवडे आधी सुरू करावं लागतं, आणि फिट्स, मानसिक आजार किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना ते देत नाहीत. म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. गोळ्या चालू असल्या तरी रात्री औषधी मच्छरदाणी हवीच, आणि संध्याकाळच्या उपासनेला पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

विश्वासाबद्दल एवढंच सांगते. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेत पटकीने (कॉलऱ्याने) गेले. त्यांचा विश्वास कमी होता, असं म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? बायबलमधला लूक वैद्य होता आणि प्रेषित पौलाबरोबर फिरत होता. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या.

आता परतल्यानंतरचं. युगांडात मुक्काम सुरू झाल्यावर आठवडाभरानंतर आणि परतल्यावर निदान तीन महिने, कुणालाही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. सकाळपर्यंत थांबू नका. नेमका तेव्हा आपल्याकडे पावसाळा असतो आणि सगळे ‘व्हायरल असेल, डेंग्यू असेल’ म्हणत पॅरासिटामॉल देत बसतात. दवाखान्यात पहिलं वाक्य ‘आम्ही आफ्रिकेतून आलोय’ हेच असू द्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत ती पुन्हा करायची असते. एका दिवसाच्या दिरंगाईने माणसं दगावतात. टाळता येण्यासारखे हे मृत्यू आहेत, म्हणून मला राग येतो.

प्रश्न: वर्गणी काढून औषधांचे दोन खोके नेणार आहोत. संघात डॉक्टर नाही, पण पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं. शिबिरात वाटू का?

अजिबात नको. जे तुम्ही आपल्या गावात करणार नाही, ते तिथल्या गरीब माणसावर करू नका. युगांडात औषधांवर नियंत्रण ठेवणारं प्राधिकरण आहे, आणि डॉक्टरलाही तिथल्या परिषदेची परवानगी लागते. यजमान मंडळीच्या जवळच्या आरोग्य केंद्राला विचारा, काय कमी आहे ते तेच सांगतील. जमलेली वर्गणी त्यांना द्या.

प्रश्न: व्हिक्टोरिया सरोवरात बाप्तिस्म्याचा विधी आहे. मुलगा पाळकसाहेबांबरोबर पाण्यात उतरणार. काही धोका?

आहे. त्या पाण्यातल्या गोगलगायींतून शिस्टोसोमा या कृमीची पिल्लं बाहेर पडतात आणि अखंड कातडीतूनही काही मिनिटांत शरीरात शिरतात. पाणी स्वच्छ दिसलं म्हणून काही ठरत नाही. त्यांच्यामुळे होणारा रोग आपल्याकडे इतका विरळा आहे की अनेक डॉक्टरांनी एकही रुग्ण पाहिलेला नसतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात तो सापडल्याची नोंद १९५२ ची आहे. यजमान पाळकांना नम्रपणे सुचवून पाहा: बंद टाकीत दोन दिवस साठवलेल्या पाण्याने हौद भरून विधी करता येईल. पाण्यात उतरणं झालंच, तर त्रास नसला तरी परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी संसर्गरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. औषध आहे, आणि ते लागू पडतं.

प्रश्न: आजोबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. तेही येऊ म्हणतात.

साठीनंतर यलो फीव्हरची लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि तिकीट त्यानंतर काढा.